भंगारात टाकण्यापूर्वी डीव्हीडीचे कुलूप तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नाटक-सिनेमांच्या डीव्हीडी रद्दीबरोबर घराबाहेर पडताना दिसतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, ‘नव्या कॉम्प्युटरवर लागत नाही.’ यातल्या कितीतरी तबकड्या धडधाकट असतात. विकत घेतलेल्या तबकडीवर नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेले असते आणि ते उघडायची सोय कॉम्प्युटरमध्ये नसली, की तबकडीच खराब वाटते. जे नाटक दुसरीकडे कुठेच मिळत नाही, ते अशा गैरसमजापायी फेकले जावे याचे वाईट वाटते. म्हणून हे पत्र.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहावे. तबकडी ड्राइव्हमध्ये घालून फाइल एक्स्प्लोररमध्ये उघडावी. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइली दिसल्या, तर ड्राइव्ह तबकडी वाचतो आहे. यादीच आली नाही, तर ओरखडा, मळलेली लेन्स किंवा कमी वीज यांपैकी काहीतरी असते. तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी; गोल फिरवून पुसू नये, कारण तबकडीवरच्या गोल ट्रॅकच्या दिशेने पडलेला लांब ओरखडा वाचताना अधिक त्रास देतो. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह फिरायला लागताच टकटक करत थांबत असेल, तर हब काढून तो थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावावा. यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देते आणि सुरुवातीच्या झटक्याला तेवढे पुरत नाही.

फाइली दिसतात, पण चित्रपट सुरू होत नाही? मग प्रथम प्लेअरकडे पाहावे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डीव्हीडी दाखवायची सोय विंडोजमध्ये मुळात मिळत नाही; १० आणि ११ मध्येही नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. फाइलवर डबल क्लिक न करता ‘मीडिया’, ‘ओपन डिस्क’ असे जाऊन डीव्हीडी निवडावी. मेनूपाशीच अडकत असेल, तर तिथल्याच ‘नो डिस्क मेनूज’ या चौकोनात खूण करावी. आवाज येतो, पण पडदा काळा, असे झाले तर प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट/कोडेक्स’खाली हार्डवेअर डिकोडिंग बंद करून पाहावे.

डीव्हीडीच्या कुलपाचे नाव सीएसएस. त्याची किल्ली ४० बिटांची, म्हणजे आजच्या हिशेबाने अगदीच लहान, आणि ते १९९९ मध्येच फुटले. व्हीएलसी ही किल्ली स्वतः शोधू शकतो. मात्र व्हीओबी फाइली नुसत्या ओढून हार्ड डिस्कवर घेतल्या, तर एक तर कॉपी मध्येच थांबते, नाहीतर हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात. किल्ली तबकडीच्या ज्या भागात असते तो फाइलींबरोबर येत नाही. काही तबकड्यांवर नक्कल अडवण्यासाठी मुद्दाम खराब सेक्टर (माहिती साठवायचे छोटे तुकडे) टाकलेले असतात. कॉपी तिथे अडली म्हणून तबकडीवर चरा पडला आहे, असे समजू नये.

सर्वांत जास्त नुकसान होते ते प्रदेश-क्रमांकामुळे, म्हणजे तबकडी जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणाऱ्या आकड्यामुळे. खोक्याच्या मागे पृथ्वीगोलाच्या चिन्हात हा आकडा असतो. अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. ‘ऑल’ किंवा ० लिहिलेली तबकडी कुठेही चालते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली डीव्हीडी इथे अडते ती याच आकड्यावर. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो आणि पाचव्या वेळी निवडलेला कायम राहतो. ही मोजणी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. विंडोज पुन्हा टाकले किंवा ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, तरी ती शून्यावर येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील ‘डीव्हीडी रीजन’ या टॅबवर किती बदल उरले ते आधी वाचावे. प्लेअरने ‘प्रदेश बदलू का’ असे विचारले की लोक पटकन हो म्हणतात. कृपया तसे करू नका. परदेशी तबकड्या बऱ्याच असतील, तर दुसरा ड्राइव्ह घेऊन तो १ वर ठेवावा. प्रदेश न जुळताही व्हीएलसी कधीकधी चित्रपट दाखवतो, सुरू व्हायला वेळ लागतो इतकेच. काही ड्राइव्ह मात्र कुलूपबंद सेक्टर वाचूच देत नाहीत. आणि पाल-एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या दोन पद्धतींची चिंता टीव्हीसाठी. कॉम्प्युटरला दोन्ही चालतात.

डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे तबकडीचे प्रकरण वेगळे आणि कडक आहे. तिथे एएसीएस हे कुलूप असते. परवानाधारक प्लेअरच्या किल्ल्या ठरावीक काळाने बदलतात, त्यामुळे दोन-तीन वर्षे अपडेट न केलेला प्लेअर नवी तबकडी नाकारतो. एखाद्या प्लेअरचे प्रमाणपत्र रद्द झाले असेल, तर रद्द प्रमाणपत्रांची यादी नव्या तबकडीवरून ड्राइव्हमध्ये उतरते आणि मग कालपर्यंत चालणाऱ्या जुन्या तबकड्याही त्या प्लेअरवर बंद पडतात. अशा वेळी ड्राइव्ह बदलू नये, प्लेअर अपडेट करावा. संगणकापासून पडद्यापर्यंतच्या साखळीत एचडीसीपी (केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल अडवणारे कुलूप) लागते, म्हणून व्हीजीए केबल किंवा स्वस्त कन्व्हर्टर मध्ये असला की परवानाधारक प्लेअर अडतो. दोन मॉनिटर जोडलेले असतील, तर एक काढून पाहावे.

फोर-के यूएचडी ब्लू-रेसाठी अधिकृत प्लेअरला इंटेलची एसजीएक्स ही प्रोसेसरमधली सुरक्षित कप्प्याची सुविधा लागत असे. ती सातव्या ते दहाव्या पिढीच्या अनेक कोअर प्रोसेसरांत होती. अकराव्या पिढीपासून डेस्कटॉपसाठीच्या कोअर प्रोसेसरांतून ती काढून टाकली. म्हणजे नवा, महागडा कॉम्प्युटर या कामाला जुन्यापेक्षा निरुपयोगी ठरतो. ग्राहकावर हा उघड अन्याय आहे. अशा तबकड्या टीव्हीला जोडायच्या स्वतंत्र प्लेअरवरच पाहाव्यात.

कायद्याचेही स्पष्ट सांगायला हवे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हेतूची ही अट महत्त्वाची आहे. विकत घेतलेली डीव्हीडी घरात पाहणे वेगळे आणि तिच्या नकला काढून विकणे वेगळे.

विक्रेत्यांना दोन विनंत्या आहेत. ड्राइव्ह विकताना प्रदेश पाचच वेळा बदलता येतो, हे ग्राहकाला तोंडी सांगावे. आणि ब्लू-रे ड्राइव्ह विकताना त्याबरोबर चालणारा प्लेअर आहे की तो वेगळा विकत घ्यावा लागेल, हे बिलावर लिहून द्यावे.

आपला,
एक वाचक, पुणे