जुन्या आर्केड यंत्राचे पोट रिकामे करण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

व्हिडिओ गेम पार्लरमधली जुनी यंत्रे विकत घेऊन ती घरी पुन्हा चालू करणारे हौशी लोक आपल्याकडेही आहेत. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला त्यातल्या एका पात्रावरून सरळ 'मुस्तफा' म्हणत मोठी झालेली पिढी आता अशा यंत्रावर पैसे खर्च करू शकते, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र याच हौसेपायी चांगली यंत्रे कायमची निकामी होताना पाहतो, म्हणून हे पत्र. पिक्चर ट्यूब भंगारात जाते, मूळ बोर्ड, म्हणजे खेळ ज्यावर चालतो ती सर्किटची पाटी, फेकला जातो, वायरिंग कापले जाते आणि त्या जागी सपाट टीव्ही व शेकडो खेळ भरलेला छोटा संगणक बसतो. यंत्रे जोडणाऱ्या जाणकारांच्या रोजच्या बोलण्यातले चार शब्द आधी समजून घेतले, तर यातली बरीच तोडफोड टळेल.

त्यांतला सर्वांत उपयोगी शब्द 'जॅमा'. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८०च्या दशकाच्या मध्यात ठरवून दिलेली ही जोडणीची पद्धत आहे. बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंनी २८-२८ असे ५६ संपर्क असतात आणि वीजपुरवठा, स्पीकर, चित्राचे लाल-हिरवे-निळे संकेत, जॉयस्टिक, बटणे व नाण्याचा स्विच हे सारे त्या एकाच कनेक्टरमधून जाते. त्यामुळे खेळ बदलायचा झाला तर वीज बंद करून एक बोर्ड काढायचा आणि दुसरा खोचायचा, एवढेच काम असते. अनेक खेळ असलेले नवे बोर्डही जॅमा जोडणीचे मिळतात, तेव्हा एकही वायर कापण्याचे कारण उरत नाही. कनेक्टरमध्ये सातव्या पिनेच्या जागी 'की' म्हणजे एक छोटी आडकाठी असते. ती गळून पडली असेल तर बोर्ड उलटा बसून जळू शकतो, म्हणून आधी ती पाहावी. 'स्ट्रीट फायटर २'सारख्या सहा बटणांच्या खेळाला जॅमा जोडणीत न मावणाऱ्या बटणांसाठी 'किक हार्नेस' ही वेगळी वायर लागते. १९८० सालचा 'पॅक-मॅन' किंवा १९८१ सालचा 'डाँकी काँग' यांची कॅबिनेटे, म्हणजे यंत्राच्या पेट्या, मात्र 'डेडिकेटेड', म्हणजे त्याच एका खेळासाठी घडवलेली असत. वायरिंगपासून बाजूच्या चित्रांपर्यंत सगळे त्या खेळाचे. असे कॅबिनेट हाती आले तर त्याला दुसरा बोर्ड जोडून देणारा अडॅप्टर लावावा, करवत लावू नये.

बोर्ड घेताना 'सुसाइड बॅटरी' हा शब्द लक्षात ठेवावा. कॅपकॉमच्या सीपीएस-२ या प्रकारच्या बोर्डांत खेळाचे कूट उलगडणारी किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत ठेवलेली असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि एरवी धडधाकट असलेला बोर्ड सुरूच होत नाही. असे बोर्ड मेले म्हणून टाकून देऊ नयेत, कारण छंदिष्टांनी २०१६ साली ही संरक्षणव्यवस्था उलगडून दाखवली असून आता ते पुन्हा जिवंत करता येतात. 'बूटलेग' म्हणजे नकली बोर्ड. मुस्तफाच्या बूटलेगमध्ये आवाजासाठीची मूळची क्यूसाउंड चिप नसल्याने आवाज फिका येतो, पण आपल्या पार्लरमध्ये आपण खरोखर काय ऐकले याची तोही एक नोंद आहे, असे मी मानतो.

सर्वांत मोठे नुकसान होते ते पिक्चर ट्यूबचे. जाणकार '१५ किलोहर्ट्झ' म्हणतात तेव्हा सेकंदाला सुमारे पंधरा हजार आडव्या रेषा काढणारा मॉनिटर त्यांना अभिप्रेत असतो, आणि त्या काळातल्या बहुतेक खेळांचे चित्र त्याच हिशेबाने रेखलेले आहे. चित्र दुमडत किंवा थरथरत असेल तर अनेकदा ट्यूब चांगली असते आणि चासीवरचे, म्हणजे मॉनिटर चालवणाऱ्या सर्किटवरचे, कपॅसिटर सुकलेले असतात. ते एकगठ्ठा बदलण्याच्या संचाला 'कॅप किट' म्हणतात. हे काम मात्र शिकलेल्या हातांनीच करावे. रंगीत ट्यूबच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो तिथे साठून राहू शकतो. म्हणूनच 'डिस्चार्ज' केल्याशिवाय, म्हणजे तो साठलेला दाब उतरवल्याशिवाय, जाणकार त्या टोपीला बोट लावत नाहीत.

कडेची टी-मोल्डिंग पट्टी, बटणे, वरची उजळणारी मार्की म्हणजे खेळाच्या नावाची पाटी या गोष्टी खुशाल नव्या बसवाव्यात. त्या पुन्हा बदलता येतात. विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच, की जाहिरातीत नुसते 'चालू कंडिशन' न लिहिता बोर्ड मूळ आहे की बूटलेग, वायरिंग जॅमा आहे का आणि ट्यूब जागेवर आहे का, हे स्पष्ट लिहावे. ज्यांना ट्यूब नकोच असेल त्यांनी ती भंगारवाल्याकडे देण्याआधी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे. अशा ट्यूब आता नव्याने मिळत नाहीत आणि त्या शोधणारे आम्ही बरेच जण आहोत.

आपला नम्र,
आर्केड यंत्रांची दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे