पहिल्या ड्यूटीआधी अर्धा दिवस रक्ताच्या बल्बांसाठी

मा. संपादक,

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत इंटर्नची नवी तुकडी येते, तेव्हा पहिला दिवस सभागृहात भाषणे ऐकण्यात आणि अर्ज भरण्यात जातो. दुसऱ्या सकाळी त्यांच्या हातात सिरिंज आणि वॉर्डातल्या नमुन्यांची यादी पडते. औषधाच्या मात्रेवर निदान सिनिअरची नजर असते. रक्त काढणे मात्र ‘त्यात काय शिकवायचे’ म्हणून सोडून दिले जाते.

बिघडलेला नमुना पुष्कळदा बघून ओळखू येत नाही, ही यातली खरी अडचण. नमुना ज्या छोट्या नळीत घेतात तिला आम्ही बल्ब म्हणतो, आणि तो टोपणाच्या रंगावरून ओळखतो. जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारे रसायन, असते. त्यातले जादा रक्त लाल बल्बमध्ये ओतले, की अहवालात पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, आणि नसलेल्या आजारावर धावपळ सुरू होते. म्हणून भरण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची) बाटली, मग निळा, लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा आणि शेवटी करडा. निळ्या बल्बमध्ये सायट्रेट हे रक्त गोठू न देणारे द्रावण असते, आणि त्याच्या एका भागाला नऊ भाग रक्त लागते. 0.2 मिली सायट्रेट असेल तर रक्त 1.8 मिली, रेघेपर्यंत. कमी भरले तर रक्त गोठायला लागणारा वेळ उगाच लांबलेला येतो. जांभळा बल्ब भरल्याबरोबर आठ-दहा वेळा अलगद उलटा-सुलटा करावा. तसाच ठेवला तर गुठळी होऊन प्लेटलेट कमी मोजल्या जातात. जोरात हलवला, किंवा बारीक सुईतून रक्त दाबून सोडले, तर पेशी फुटतात. टूर्निके, म्हणजे शीर फुगवायला दंडाला बांधायचा पट्टा, एक मिनिटाहून जास्त आवळून ठेवू नये. ज्या हातात डेक्स्ट्रोजचे (साखरेचे) सलाइन चालू आहे त्याच हातातून नमुना घेतला, तर साखर अफाट येणारच.

लेबल लावायचे ते खाटेशीच, आणि बल्ब भरल्यावर. आधीच लेबल चिकटवलेले रिकामे बल्ब एप्रनच्या खिशात घेऊन फिरण्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. ‘तुमचे नाव अमुकच ना?’ असे विचारले तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्याच तोंडून घ्यावे आणि मनगटपट्टीवरचा नोंदणी क्रमांक ताडून पाहावा. क्रॉसमॅचच्या, म्हणजे रक्त चढवण्याआधी ते जुळते का हे पाहण्याच्या, नमुन्यात ही अदलाबदल झाली, तर चुकीच्या गटाचे रक्त चढून जीव जाऊ शकतो.

सुईबद्दल थोडेसेच. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये. टोचलीच तर जागा पिळत न बसता साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्यात. 72 तास उलटले की त्या दिल्या जात नाहीत. रात्री तीन वाजता त्या कोणाकडे मिळतील, हे प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लिहिलेले असावे. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, तेव्हा रुजू होताना आठवण करून भागत नाही.

आमची मागणी साधी आहे. पहिल्या ड्यूटीआधी अर्धा दिवस लॅबमध्ये घालवावा आणि शिकवायला तंत्रज्ञ व अनुभवी सिस्टर असाव्यात. शिवाय लॅबने नाकारलेल्या नमुन्याची चिठ्ठी वॉर्डच्या फायलीत न जाता, ज्याने तो काढला त्याच्या हातात कारणासह द्यावी. आज त्याला पुष्कळदा ‘पुन्हा काढ’ एवढाच निरोप मिळतो.

आपले,
काही वरिष्ठ निवासी डॉक्टर