मुक्कामी ड्युटी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन कायम स्पीकरवर. बाबांचा आवाज आता इतका बारीक झालाय की त्यांच्या वाटचंही आईच बोलते, आणि आईला कशी आहेस विचारलं की ‘मला काय धाड भरलीय’ हे ठरलेलं. पत्र आईने मोठ्यानं वाचायचं. मधलं काही गाळायचं नाही.

गणपतीत आले तेव्हा पहिल्याच रात्री आईच्या मनगटाला पायजम्याची नाडी बांधलेली दिसली. दुसरं टोक बाबांच्या मनगटाला. बाबा उठले की हिला जाग यावी म्हणून! मध्येच बाबा झोपेत ओरडले, कुणाला तरी ढकलल्यासारखा हात फेकला. स्वप्नातलं खरोखर करणं हाही पार्किन्सन्सचाच भाग, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं; पण सांगणं वेगळं आणि शेजारी झोपणं वेगळं. आई, सात वर्षं तू सलग तीन तास तरी झोपलीयस का गं?

मग चार रात्री ती नाडी मी बांधली. चौथ्या सकाळी बाबांना शर्टाचं बटण लागेना. मी ‘द्या इकडे’ म्हणत त्यांचा हात झटकला. बाबा काही बोलले नाहीत. वाईट वाटलं का, तेही कळलं नाही, कारण या आजारात चेहराच हलेनासा होतो. नळ सोडून मी न्हाणीघरात रडले. बाबा, त्याबद्दल मला माफ करा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, मी तर महिन्यातनं दोनदा ओरडते, मग देवापुढे कान धरते.’ आई, देवाचा यात काही संबंध नाही. माणूस झोपला नाही की असंच होतं.

तुझं एक मानते. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, गोळीची वेळ पाच मिनिटं इकडची तिकडे नाही. वरण-दह्यातलं प्रथिन गोळीच्या आड येतं म्हणून जेवण अर्धा-पाऊण तास मागे. गोळीचा असर उतरला की बाबांचे पाय न्हाणीच्या उंबऱ्याशी फरशीला चिकटतात, तर तू तिथे निळ्या चिकटपट्टीच्या रेघा मारल्यास आणि ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत त्या ओलांडायला लावतेस. हे सगळं तुला मुखोद्गत. आणि तुझ्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर रिकामं पडलेलं. कधी संपलं, तुलाच आठवेना. त्याच दिवशी दूध उतू जाऊन गॅस विझला, तू समोर उभी राहून पेंगत होतीस. हसण्यावारी नेलंस. मी नाही नेलं.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला शब्द आवडला. तुला सांगितलं तर म्हणालीस, ‘शुभंकर-बिभंकर राहू दे, दोन तास पडू दे.’ तेच तर म्हणतेय.

आता बाबा, तुमच्याशी. परका माणूस नको, अंगाला त्याचा हात नको, हे तुमचं म्हणणं मला कळतं. आयुष्यभर कुणाकडून पाण्याचा तांब्या न मागितलेला माणूस तुम्ही. पण डेपोत कंट्रोलर असताना रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला तुम्ही लगेच दुसरी ड्युटी लावायचात का? त्यावरून एकदा साहेबांशी भांडून आला होतात, ते मी लहान असताना तुमच्याच तोंडून ऐकलंय. ‘झोपेतल्या माणसाच्या हातात पन्नास माणसं देऊ का?’ आईची ही मुक्कामी गाडी सात वर्षं डेपोत परतलेली नाही. आणि तिच्या गाडीत तुम्ही एकटेच बसलाय.

1 तारखेपासून रात्री 9 ते सकाळी 7 ब्युरोतून एक मामा येतील. सकाळची अंघोळही तेच घालतील. पैशाचं दादा आणि मी बघतो, त्यावर चर्चा नको. पहिले दोन दिवस बाबा तोंड फिरवून बसतील, फिरवू देत. रेघा आणि एक-दोन मामांना आईने एकदा दाखवायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं. दार लावून. कान दाराशी ठेवून नव्हे, आई.

नोव्हेंबरात मी दहा दिवस येते. तेव्हा आईने मावशीकडे रत्नागिरीला जायचं, तिकीट काढलंय. फोन दिवसातून एकदाच.

आणि ती नाडी पायजम्यात परत ओवून ठेव. बाबांचा तो चट्ट्यापट्ट्याचा पायजमा कधीचा खुंटीला नुसता लोंबतोय.

तुमची,
माई