तीस सेकंदांत जाहीरनामा मावत नाही

संपादक महोदय,

कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून केलेली उमेदवाराची टीव्ही जाहिरात बहुधा एकाच कारणाने फसते. तीस सेकंदांत अख्खा जाहीरनामा कोंबलेला असतो. सावकाश वाचले तर एवढ्या वेळात साठ-पासष्ट शब्द बसतात. जास्त झाले की निवेदक धापा टाकतो आणि नेमके उमेदवाराचे नाव गिळले जाते. मुद्दा एकच घ्यावा. नाव सुरुवातीलाच पडद्यावर यावे आणि शेवटी तीन-चार सेकंद स्थिर राहावे.

चित्रापेक्षा आवाजाकडे आधी बघा. मोबाइलवरचे चित्र खपून जाते, पण लांबून टिपलेला आवाज घुमतो आणि लोक चॅनेल बदलतात. कॉलरला लावायचा माइक वापरावा, पंखा बंद करावा. कोणी बोलत नसताना त्या जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाजही घेऊन ठेवावा. संकलनात तुकडे जोडताना आवाजात पडणारे सांधे त्यानेच बुजतात. फोन आडवा धरावा (हेही सांगावे लागते!). अक्षरे कडेला चिकटवू नयेत, काही टीव्ही संच चित्राच्या कडा कापतात.

उमेदवाराच्या पाठ भाषणापेक्षा मतदारांना बोलू द्यावे. ‘उमेदवार कसे वाटतात?’ विचारले की नुसती स्तुती मिळते. ‘नळाला पाणी कधीपासून येते?’ विचारले की कामाचे उत्तर येते. त्यांची लेखी संमती आणि संगीताचे हक्क आधीच घ्यावेत. खर्च कोणाचा, ही ओळ कायद्याने लागत असेल तर ती वाचता येईल एवढी ठेवावी. ती राहिली तर वाहिनी जाहिरात परत पाठवू शकते, आणि दुरुस्ती होईपर्यंत ठरलेली वेळ हातची जाते.

– प्रचारफिती करणारे काही संकलक