नाण्याखाली चार ओळी तरी हव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कोल्हापूर पुरवणीत मागच्या आठवड्यात एका शाळेतल्या नाणी प्रदर्शनाचा फोटो आला होता. पोरांचे चेहरे बघून बरं वाटलं. फोटोखालच्या मजकुरात मात्र दोनच गोष्टी होत्या, नाणी किती आणि त्यांची 'बाजारातली किंमत' किती. नाणं कुणाचं, कुठल्या सालचं, कुणाच्या घरातून आलं, याबद्दल अवाक्षर नाही. यात तुमच्या वार्ताहराचा दोष नाही. मी स्वतः जाऊन प्रदर्शन पाहिलं, तिथंही काही लिहिलेलं नव्हतं. थर्माकोलवर डिंकानं चिकटवलेली नाणी, भोवती क्रेप कागदाची झालर आणि वर 'दुर्मीळ नाणी' अशी पाटी. कमळाचं पितळी वीस पैशाचं नाणंही तिथं होतं. ते काही दुर्मीळ नव्हे, पण ज्या बाजूला कमळ नाही ती बाजू आता कायमची डिंकात गेली.

मी एसटीत वाहक होतो. गारगोटी, राधानगरी, गगनबावडा या रस्त्यांवर नोकरी गेली. ड्युटीवर निघताना स्वतःजवळची रक्कम लिहून द्यावी लागते, त्यामुळं थैलीतलं एखादं नाणं आवडलं की तेवढेच पैसे पदरचे टाकायचे आणि ते उचलायचं, असा माझा संग्रह झाला. चैत्रात जोतिबाच्या जादा गाड्यांवर ड्युटी लागली की सगळी चिल्लर गुलालानं गुलाबी होऊन यायची. म्हाताऱ्या बायका देवापुढची, हळदीकुंकवाचे थर बसलेली नाणी काढून द्यायच्या. माझ्याकडं लाखाचं काही नाही. वह्या मात्र आहेत. कुठल्या गाडीवर, कुठल्या गावाला, कुणी दिलं, हे त्याच दिवशी वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरून झाल्यावर लिहून ठेवायचो.

आता गल्लीतली पोरं माझ्याकडं येतात ती एकच प्रश्न घेऊन. "आण्णा, ह्याचं किती येतील ओ?" मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो मिळतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीसाठी तिचं नाव वापरून लोकांकडून पैसे उकळले जात आहेत, आणि बँक असला व्यवहार करत नाही. ते कुणापर्यंत पोचलं नाही. व्हिडिओ पोचला.

या पोरांना मी आधी टाऊन हॉलच्या संग्रहालयात जायला सांगतो. तिथं पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती बघायला सगळे थांबतात, आणि थांबावंच. पण पंचगंगेच्या काठच्या ज्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ती मिळाली, तिथंच सातवाहन काळातली नाणीही मिळाली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, त्याआधीही त्या टेकडीनं नाणी दिलेली होती. आपल्या या भागात 'कुर' नावाचं राजघराणं होतं. त्यांची शिशाची नाणी आहेत, एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य आणि दुसऱ्या बाजूला एकावर एक कमानी रचलेली टेकडी. नावं ब्राह्मीत : वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर.

या तिघांत आधी कोण आणि नंतर कोण, हे कुठल्या बखरीत सापडायचं नाही. ते नाण्यांनीच सांगितलं. नव्या राजानं जुन्या राजाची नाणी गोळा करून त्यांच्यावरच आपला छाप मारला, पण खालची अक्षरं पुरती मिटली नाहीत. शिवलकुराच्या छापाखाली पहिल्या विळिवायकुराची अक्षरं दिसतात आणि गौतमीपुत्राच्या छापाखाली दोघांचीही. इंग्रज अभ्यासक रॅप्सन यांनी १९०८ साली ब्रिटिश म्युझियमच्या नाण्यांची सूची छापली, तीत हा क्रम मांडलेला आहे. कुणीतरी ते खराब, दुहेरी छापाचं, बाजारात कुणी हात लावणार नाही असं नाणं भिंग लावून बघितलं आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्या गावच्या राजांची वंशावळ लागली. पोरांना हे सांगितलं की दोन मिनिटं तरी किमतीचा विषय निघत नाही.

यावर कुणी म्हणेल, शिवलकुराचं नाणं आमच्या पोराला कुठून मिळायचं? मिळायला नकोच. लिहिण्यासारखं घरातच पडलेलं असतं.

१९८५ च्या सुमाराला चिल्लरीचा दुष्काळ होता. पंधरा-वीस पैशांवरून गाडीत रोज भांडण. सुटे नसले की उरलेले पैसे आम्ही तिकिटाच्या मागं लिहून द्यायचो आणि उतरताना प्रवासी दारात अडून राहायचा, "मास्तर, माझं चाळीस पैसं." टपरीवाले सुट्ट्यांऐवजी गोळ्या द्यायचे. त्या टंचाईत सरकारनं परदेशातल्या टांकसाळींतून नाणी पाडून आणली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली बारीक 'एच' दिसला तर तो रुपया बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीतला. आज तो 'एच मार्क' म्हणून किती रुपयांना जातो ते सांगणारे पुष्कळ आहेत. तो इथं का आला, त्या दिवसांत बाजारात काय चाललं होतं, हे सांगू शकणारी माणसं अजून प्रत्येक गल्लीत कट्ट्यावर बसलेली आहेत. त्यांना कुणी विचारत नाही. ती गेली की 'एच'ची किंमत राहील आणि बाकी काही राहणार नाही. हे काम नातवंडांचं आहे, प्राध्यापकांना एवढ्या घरांत शिरता येत नाही.

नया पैसाही तसाच. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर झाले. १९६४ मध्ये 'नया' शब्द गेला. मधल्या काळात बाजारात आण्याचा हिशेब नव्या पैशात कसा करत होते, कोण कुणाला फसवत होतं, आजीला विचारा. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ पर्यंत निघाला, महायुद्धात तांबं वाचवायला. त्या भोकात दोरा ओवून पोरांच्या कमरेला बांधलेला पाहिलेली एखादी पणजी अजून भेटेल.

आमच्या गल्लीत किराणा दुकानदाराची मुलगी आहे, नववीत शिकते. तिला मी एवढंच दाखवलं होतं की सालाखाली पत्त्यांत असते तशी बारीक चौकट असली तर नाणं मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. संध्याकाळी गल्ला मोजायचं काम तिच्याकडं. तिनं जुन्या रजिस्टरात रकाने आखले. साल, खूण, किती नाणी. काही महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की बँकेतून नाण्यांची बंद पिशवी आली की चार-सहा दिवस गल्ल्यात एकाच खुणेची कोरी नाणी फिरतात, मग ती पांगतात आणि मिसळ सुरू होते. मुंबई जवळ असून चांदणीवाली नाणी का येतात, असा प्रश्न तिनं मला विचारला. मला उत्तर देता आलं नाही. तिनं यावर दोन पानं लिहिली, खाली तक्ता काढला. शाळेच्या हस्तलिखितात कथा-कविता गेल्या, सहलीचं वर्णन गेलं. हे मागं राहिलं, कारण कुठल्या विभागात घालायचं ते ठरेना.

संपादक महोदय, हे संशोधनच आहे. वजन, माप, खूण, ठिकाण आणि तारीख. जरा जुन्या नाण्याचं वजन करायचं तर गुजरीत सराफाकडं जावं, गर्दीची वेळ टाळून गेलं आणि नीट विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. व्यास मोजायला शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर असतो, तो एरवी परीक्षेपुरताच बाहेर येतो. फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीशी, उजेड बाजूनं पडेल असा काढावा म्हणजे झिजलेली अक्षरंही उठतात. आणि कृपा करून नाणी चिंचेनं घासू नयेत. आमच्याकडं तांब्याचं काही दिसलं की आईचा हात आधी चिंचेकडं जातो. बंबाला ते ठीक आहे, पण शिवराईवर शंभर-दोनशे वर्षांत चढलेला काळपट थर गेला की तिची कळाच जाते, आणि घासताना अक्षरांच्या कडाही जातात. मऊ प्लास्टिकच्या खिशांचे अल्बमही बरे नव्हेत, त्यात तांब्याला हिरवा चिकटा धरतो. साध्या कागदाची पुडी करावी आणि तिच्यावर लिहावं.

शिवराईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कोल्हापुरातल्या किती देव्हाऱ्यांत ती असेल! एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडं 'छत्रपति'. विकणारे प्रत्येक शिवराई थेट महाराजांच्या काळातली म्हणून खपवतात. खरं तर महाराजांच्या नंतरही ती कितीतरी वर्षं निरनिराळ्या टांकसाळींतून निघत राहिली, पेशवाईतली दुदांडी, म्हणजे दोन रेघांची, तर लगेच ओळखू येते. साचा कोरणाऱ्याप्रमाणं 'शिव'चा 'शीव' होतो, 'सिव' होतो, अक्षरं वर-खाली होतात. दिवाळीत सगळे पाव्हणे जमतात तेव्हा एखाद्या पोरानं मामा-काका-आत्याच्या देव्हाऱ्यांतल्या शिवराया मागून घ्याव्यात, फोटो काढून जिथल्या तिथं परत ठेवाव्यात आणि अक्षरांची तुलना मांडावी. एक पैसा खर्च नाही. नाणं आपल्या मालकीचं असलंच पाहिजे, हा हट्ट लिहिणाऱ्याला लागत नाही.

चांदीचं तर बोलायलाच नको. राणीछाप रुपये हुपरीला आणि गुजरीत आटणीला किती गेले याला गणती नाही. १८६२ सालचा रुपया त्याच सालानिशी १८७४ पर्यंत पाडत राहिले, आणि मधली वर्षं ओळखण्यासाठी त्यावर बारीक ठिपके आहेत. त्या ठिपक्यांवरून अभ्यासकांनी रुपयांची वर्षवार लावणी केली. मूस तापायच्या आधी ठिपके मोजून लिहून घेणारा एखादा कारागिराचा पोरगा निघाला असता तर, असं वाटतं.

एक गोष्ट पालकांसाठी. पूर ओसरल्यावर नदीकाठी किंवा पाया खणताना मडक्यात काही सापडलं तर ते वाटून घ्यायचं नसतं. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साठा फुटला की कुठलं नाणं कुठल्याबरोबर होतं ते कळायचा मार्ग बंद होतो.

वाचायचं म्हटलं तर कोल्हापुरात सोय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर मागून बघावं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्तांनी उभी केलेली, तिथं संग्रहालय आणि ग्रंथालय दोन्ही आहेत. सुट्टीत त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्यांच्या वाटेवरच आहे ती.

आता आपल्याला विनंती. जेम्स प्रिन्सेप टांकसाळीत नाण्यांचा कस तपासायच्या नोकरीला होता, १८३७ मध्ये त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली. पण तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचा संपादकही होता. गावोगावचे लोक त्याला नाणी आणि त्यांची चित्रं पाठवत, आणि तो ती छापत असे. पाठवायला जागा होती म्हणून लोकांनी पाठवलं. आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा तेवढी जागा द्या. अठरा वर्षांखालच्या मुलानं किंवा मुलीनं लिहिलेले दीडशे-दोनशे शब्द, एक नाणं, दोन्ही बाजूंचे फोटो. किंमत छापायची नाही. घरचा पत्ताही छापू नका, चोराचिलटांचं भय असतं. कुणी जाणकारानं चूक काढली तर पुढच्या महिन्यात दुरुस्ती येऊ द्या, आणि ती त्याच मुलानं लिहिलेली असू द्या.

सोबत त्या मुलीची दोन पानं जोडली आहेत, तिला आणि तिच्या वडिलांना विचारून. छापायची झाली तर तक्ता कापू नका. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा.

आपला,
एसटीचा एक निवृत्त वाहक
जुना बुधवार पेठ, कोल्हापूर