राजीनाम्याचं कारण वृत्तीत नाही, वेळापत्रकात आहे

मा. संपादक,

मूल झाल्यावर पदवीधर मुली नोकरी सोडतात, म्हणजे त्यांना करिअरची ओढच नसते, असा सूर सध्या वारंवार कानावर येतो. वृत्तीला बोल लावण्याआधी जरा हिशेब बघावा.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पण पैसे कोण देतं? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक स्त्रीला ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून (ईएसआयसी) मिळतात. इंजिनिअर किंवा सीए मुलगी बहुधा या मर्यादेच्या वर असते, त्यामुळे तिचा सहा महिन्यांचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. छोट्या कंपनीच्या मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हे सहज म्हणून विचारलं जातं ते यामुळेच.

खरी गळती रजेनंतर सुरू होते. 50 कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. पण पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होतं आणि परदेशी क्लायंटची मीटिंग साडेसहाला लागते. अप्रेझलमध्ये सहा महिने हजर असलेलीची तुलना वर्षभर हजर असलेल्यांशी होते. काम आवडतं का, असं विचारलं तर ती मनापासून ‘हो’ म्हणेल आणि तरीही महिनाभरात राजीनामा देईल.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या नेट-सेट प्राध्यापिकांचं तर विचारूच नका. तास झाला तर पैसे. करार संपला की हक्कही संपला, असं त्यांना ऐकवलं जातं. दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये नेमकं उलट सांगितलं: कराराची मुदत सरली तरी बाळंतपणाचा लाभ द्यावाच लागतो. अट एवढीच की अपेक्षित प्रसूतीआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. ते दाखवता यावं म्हणून मस्टरची प्रत दर महिन्याला स्वतःकडे ठेवावी. रजेचा अर्ज तोंडी नको, लेखी द्यावा. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यावर 48 तासांत मिळायला हवेत.

विम्याची 21,000 ची मर्यादा 2017 पासूनची आहे. निदान बाळंतपणाच्या लाभापुरती ती काढून टाकावी आणि हा खर्च सर्व मालकांच्या वर्गणीतून भागवावा. बापालाही रजा द्यावी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला ती 15 दिवस मिळते, खासगी नोकरीत मात्र कायद्याने एक दिवसही नाही.

— एक वाचक, पुणे