ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र: रबाळ्यातल्या त्या मोटरला अर्थिंग नव्हतं

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला पंपाच्या मोटरचा शॉक लागला. चौकशीचा अहवाल पंधरा दिवसांत देऊ, असं आम्हाला सांगितलं होतं. काल तुमच्या खात्याच्या कार्यालयात गेलो तर तोंडी ऐकवलं, कामगाराचा निष्काळजीपणा. लेखी प्रत मिळाली नाही.

साहेब, मी स्वतः मेन्टेनन्सचा वायरमन आहे आणि ती मोटर मी पाहिली आहे. मोटरच्या बॉडीला अर्थिंगच्या, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या, दोन स्वतंत्र पट्ट्या हव्यात, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. इथे एक पट्टी बोल्टपाशी गंजून तुटलेली, वरून हिरवा रंग फासलेला. दुसरी कधी जोडलीच नव्हती. मोटरच्या आतली तार (वाइंडिंग) बॉडीला लागली तरी फ्यूज उडाला नाही, कारण करंटला परतीची वाटच नव्हती. भाऊ ओल्या फरशीवर वाकून ग्लँड, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवतीचं गळती रोखणारं पॅकिंग, आवळत होता. ग्लँड पंप चालू ठेवूनच आवळतात, पाणी किती गळतंय ते बघत बघत. यात निष्काळजीपणा कसला?

त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. शर्टाची बटणं आई लावून देते. ठेकेदाराने पगार थांबवला, त्याच्या पोरीची फी मी भरतोय आणि रात्री झोप लागत नाही.

अर्थिंगचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजायचा असतो. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत मी कामं केलीत. भर पावसात, अर्थिंगचा खड्डा पाण्याने भरलेला असताना रीडिंग घेतात. ओल्या मातीत रोध कमी भरतो, मग ते चांगलंच येणार! त्याच कागदावर सही होते. 2023 मध्ये नवे नियम आले, पण रजिस्टर उघडून प्रत्यक्ष खड्ड्यापाशी वाकणारा माणूस आम्हाला दिसला नाही. हजारो कारखाने आणि तपासणारे मूठभर. नवीन प्रकल्पांच्या उद्घाटनाला सगळं सरकार हजर असतं, कंत्राटी पोराच्या अपघाताला कोणी नसतं. मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार कामगाराकडे, आणि तुमचं खातं तेच लिहून घेतं. गरिबाच्या जिवाची एवढीच किंमत लावलीत?

अहवालाची प्रत द्या. ती मोटर नवीन पट्टी जोडण्याआधी, माझ्यासमोर पुन्हा तपासा. उन्हाळ्यात टीटीसी (दिघा ते तुर्भे) या औद्योगिक पट्ट्यातलं अर्थिंग तुमच्या निरीक्षकांकडून मोजून घ्या आणि आकडे कारखान्याच्या गेटवर लावा.

आपला,
एक वायरमन, दिघा, नवी मुंबई